नऊ-नऊचे दोन संघ

भालचंद्ररावांनी तेहतीस वर्षांच्या नोकरीत एकही कागद प्रलंबित ठेवला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात तसं जाहीर सांगितलं होतं आणि टाळ्याही पडल्या होत्या. अशा माणसाच्या नातवाने, धवलने, मागच्या मे महिन्यात ओसरीवर उभं राहून फोनवर मित्राला सांगावं, "अरे, बुलढाण्याला करायला काहीच नसतं, आजोबा नुसते आमच्याकडे बघत बसतात," आणि ते नेमकं आजोबांनी आत दाढी करता करता ऐकावं, ही गोष्ट कोणत्याही सेवानियमात बसत नव्हती. त्या दिवशी गालाला ब्लेड लागलं. दुपारच्या जेवणालाही न थांबता सगळी मंडळी निघून गेली. धवलचा क्लास आहे, असं कारण सांगण्यात आलं. मे महिन्यात क्लास असतात का, हे भालचंद्ररावांनी पुढे तीन वेगवेगळ्या शिक्षकांना विचारून घेतलं. तिघंही असतात म्हणाले. तरी त्यांचं समाधान झालं नाही.

मंडळी म्हणजे किती, तर सोळा. दोन मुलगे, दोन मुली, दोन सुना, दोन जावई आणि आठ नातवंडं. चारही घरं पुण्यात, पण पुण्याच्या चार टोकांना, त्यामुळे भाऊ-बहिणी एकमेकांना भेटत ते वर्षातून एकदा बुलढाण्यात. सतरा सिटांची एक गाडी ठरवायची, शुक्रवारी यायचं आणि रविवारी दुपारी जेवून निघायचं, असा शिरस्ता सुलभाबाईंनी पाडला होता. सुलभाबाई म्हणजे भालचंद्ररावांच्या पत्नी. त्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर रविवारचा शनिवार झाला, आणि मागच्या वर्षी तर शनिवारची दुपारही झाली नाही. उरलेले तीनशे त्रेसष्ट दिवस भालचंद्रराव त्या घरात एकटे. कुकरची शिट्टी झाली तरी दचकत, इतकं घर गप्प होतं.

तेव्हा यंदा त्यांना एकच गोष्ट हवी होती. मंडळींनी रविवार दुपारपर्यंत थांबावं. आणि ती मिळवायचा त्यांना ठाऊक असलेला मार्गही एकच होता. त्यांनी फाइल उघडली. विषय: कुटुंबातील सर्व सदस्यांसाठी सामायिक करमणूक निवडणेबाबत.

पहिल्यांदा कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परिपत्रक गेलं. सहा पर्याय दिले होते आणि खाली 'कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी' अशी ओळ होती. उत्तरादाखल अकरा अंगठे आले, दोन जोडलेले हात आले आणि जावई ज्ञानेश्वर यांच्याकडून वाढदिवसाचा केक आला. कोणता पर्याय पसंत, हे कोणीच लिहिलं नाही. भालचंद्ररावांनी टिपणीत 'हरकत नाही' अशी नोंद घेतली आणि केकपुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

मग शेजाऱ्यांचे सल्ले सुरू झाले. हे सल्ले कोणी मागितले नव्हते, पण बुलढाण्यात त्याची वाट पाहत कोणी थांबत नाही. पलीकडच्या निवृत्त शिक्षिका रुख्मिणी मॅडम म्हणाल्या, प्रश्नमंजूषा घ्या, मी प्रश्न काढून देते. संध्याकाळी दीडशे प्रश्न आले सुद्धा. त्यातले चाळीस संधी-समासावरचे होते. समोरचे कडूबा म्हणाले, रोडगे लावा.

या कडूबांची ओळख करून द्यायला हवी. मूळचे साखरखेर्ड्याचे. शेती पुतण्यांच्या हाती देऊन ते इथे मुलाकडे राहायला आले होते, पण मुलगा आणि सून दोघंही सकाळी जात ते अंधार पडल्यावर येत. घरात टीव्ही बोलायचा आणि कडूबा ऐकायचे. त्यामुळे भालचंद्ररावांच्या ओसरीवर त्यांची हजेरी पक्की होती.

"साहेब, काऊन डोक्याले एवढा ताप देऊन राह्यले?" ते म्हणाले. "पोट्टे आले का रोडगे लावा, वांग्याची भाजी करा. गवऱ्या मी आनतो."

"कडूबा, रोडगे हा आहार झाला. मी करमणूक ठरवतो आहे."

"मानूस जेवून राह्यला का त्याले करमतेच ना."

"ते दोन वेगळे विषय आहेत. एका फाइलीत घेता येत नाहीत."

कडूबांनी मान डोलावली. त्यांना फाइल म्हणजे काय ते कळत नव्हतं, पण बोलणारा माणूस समोर आहे एवढं त्यांना पुरत होतं.

निवड करायची तर माणसांच्या आवडी माहीत हव्यात. भालचंद्ररावांकडे ती सोय होती. नोकरीत असताना कर्मचाऱ्यांची सर्व्हिस बुकं लिहिता लिहिता त्यांनी घरासाठीही तसंच एक जाड पुस्तक शिवून घेतलं होतं. प्रत्येकाला एक पान, पानावर जन्मतारीख, वजन, शिक्षण आणि आवडीनिवडीचा मोठा रकाना. खाली दरवर्षीच्या पडताळणीच्या दोन सह्या, एक ज्याचं पान त्याची आणि एक हेडक्लार्कची, म्हणजे भालचंद्ररावांची. मुलांनी हसत हसत सह्या करायच्या. मजकूर सुलभाबाई सांगत आणि भालचंद्रराव लिहून घेत. सुलभाबाई गेल्या त्या महिन्यात नोंदी थांबल्या. त्यानंतर सांगणारं कोणी उरलं नाही, आणि कोणाला काय आवडतं हे आपल्याला स्वतःहून माहीतच नव्हतं, हे भालचंद्ररावांनी तेव्हा कोणाला कळू दिलं नाही.

त्या पुस्तकाच्या पहिल्याच पानावर, सुलभाबाईंच्या नावाखाली, शेवटची नोंद होती. 'आपण आता अठरा झालो. आट्यापाट्याला नऊ-नऊचे दोन संघ पुरे होतात. कोणाला बाहेर बसायला नको.' कॅरमला चार लागतात, पत्त्यांना सहा, बाकीचे मोबाइल काढतात. आट्यापाट्यात मात्र कोणी उरत नाही. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या, एका संघाने त्या अडवायच्या, दुसऱ्याने हुलकावणी देऊन पार जायचं. भालचंद्ररावांनी ती ओळ तीनदा वाचली आणि फाइलवर 'मंजूर' असं लिहिलं. आता माणसं सतराच होती. अठरावे म्हणून कडूबांची तात्पुरती नेमणूक झाली.

रंगीत तालीम ओसरीवरच झाली. खडूने पाट्या आखल्या आणि पुस्तकातल्या नोंदींप्रमाणे कडूबांना एकेक भूमिका देण्यात आली.

"आता तुम्ही वंदना. माझी थोरली सून."

"मंग डोक्यावर पदर घ्याव लागीन का?"

"ती पुण्याला असते. पदर घेत नाही."

"मंग काय घेऊ?"

"काही घेऊ नका. पाटी अडवा फक्त."

कडूबा एका दुपारी सून झाले, दोन्ही जावई झाले आणि धवलही झाले. धवल होताना त्यांनी पुस्तकात डोकावून पाहिलं. "साहेब, पोरगं दहा वर्साचं लिहेल हाये. अजून दहाचंच हाये का?"

"वय वाढलं. आवड तीच असणार."

"सांगता येत नाही बाप्पा. मले लहानपनी बासुंदी आवडे. आता डाक्तर पाहू बी देत नाही."

नोंद आहे तोवर ती अधिकृत धरायची असते, असं भालचंद्ररावांनी त्यांना समजावलं.

मैदानाचं काम मात्र सोपं निघालं नाही. मैदान ज्या क्रीडा समितीच्या ताब्यात होतं तिच्या कार्यालयात सुवर्णा बसायची. वीस वर्षांपूर्वी ती टायपिस्ट म्हणून लागली तेव्हा टिपणी लिहायला भालचंद्ररावांनीच तिला शिकवलं होतं. तिने उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि अर्ज परत केला.

"सर, मैदान कशासाठी, या रकान्यात पाचच गोष्टी आहेत. सभा, धार्मिक कार्यक्रम, लग्न, प्रदर्शन आणि स्पर्धा. तुम्ही 'घरच्यांना करमावं म्हणून' असं लिहिलंय."

"खरं तेच लिहिलं."

"रकान्याबाहेरचा अर्ज वाचू नये, परत करावा, असं तुम्हीच सांगायचे सर."

सांगायचे खरे. शेकडो लोकांना त्यांनी असंच परत पाठवलं होतं, आणि ती माणसं जिना उतरताना काय पुटपुटत असतील ते आज त्यांना पहिल्यांदा कळलं. दुसऱ्या खेपेला संघांच्या याद्या नाहीत म्हणून अर्ज परत आला. तिसऱ्या खेपेला पंच नाही म्हणून. पंचाच्या जागी त्यांनी रुख्मिणी मॅडमचं नाव घातलं. चौथ्या खेपेला 'आट्यापाट्या स्पर्धा, शनिवार, सकाळी आठ ते नऊ' अशी मंजुरी हातात पडली आणि सुवर्णाने नियमाप्रमाणे तिची एक प्रत मैदानाच्या फलकावर लावली. या प्रतीकडे भालचंद्ररावांनी लक्ष दिलं नाही. चूक झाली ती एवढीच.

शुक्रवारी गाडी आली आणि घर भरलं. अर्धा तास सगळे एकदम बोलत होते. भालचंद्रराव मध्ये उभे राहून हसत होते, कोणाला काय विचारावं ते मात्र सुचत नव्हतं. संध्याकाळी भेंड्या ठेवल्या होत्या, कारण नात रेवती हिच्या पानावर 'गाणं शिकते, सतत गाते' असं होतं. 'ग' आला. सगळ्यांनी रेवतीकडे पाहिलं.

"आजोबा, मी गाणं सोडलं," ती हळूच म्हणाली.

"केव्हा?"

"झाली चार वर्षं."

मग कोणी तरी फोन बघितला, दुसऱ्या कोणी तरी बघितला, आणि भेंड्या 'ग'वरच राहिल्या.

शनिवारी सकाळी आठ वाजता मैदानावर सोळापैकी सात जण पोचले, तेही जांभया देत. बाकीचे झोपले होते. मैदानावर मात्र एकसारखे निळे बनियन घातलेले नऊ मुलगे वाकून गुडघे मोकळे करत होते. त्यांच्यासोबत शिट्टी गळ्यात घातलेले एक सर होते. ते पुढे आले.

"आमी मेहकरचा संघ. कालेजातल्या एका पोरानं फलकाचा फोटो धाडला, मनून पहाटच्या एसटीनं आलो. आमचा पहिला सामना कोनासंग हाये?"

भालचंद्ररावांनी फलकाकडे पाहिलं. मग अर्जदार म्हणून त्यांचीच सही असलेल्या त्या कागदाकडे पाहिलं. एवढ्या लांबून आलेल्या मुलांना परत जा म्हणायची त्यांना लाज वाटली.

"आमच्याशी," ते म्हणाले.

सात अधिक भालचंद्रराव अधिक कडूबा, नऊ भरले. ज्ञानेश्वर यांच्या पानावर 'जिल्हा पातळीचा खेळाडू' असं होतं, म्हणून त्यांना मधली पाटी दिली. पंच रुख्मिणी मॅडमनी शिट्टी वाजवली. पुढे जे झालं ते चार मिनिटांत झालं. मेहकरचे मुलगे कुठून गेले ते कोणाला दिसलंच नाही. धवल कान लाल करून एका जागी उभा होता, वंदनाची चप्पल तुटली आणि ज्ञानेश्वर गुडघा धरून खाली बसले.

"तुम्ही जिल्ह्याला खेळत होतात ना?" भालचंद्ररावांनी वाकून विचारलं.

"मी गुणलेखक होतो हो," ज्ञानेश्वर कळवळून म्हणाले. "आमच्या मामांनी लग्न जमवताना खेळाडू सांगितलं. नंतर दुरुस्ती कशी करायची?"

जिंकलेल्या संघाला देण्यासारखं काही नव्हतं. म्हणून सोळा माणसांसाठी केलेले पोहे मेहकरच्या मुलांनी खाल्ले आणि आजोबांच्या पाया पडून ते एसटीकडे गेले. त्या सकाळी भालचंद्ररावांशी कोणी मनापासून बोललं असेल तर ते त्या मुलांचे सर. म्हणाले, स्पर्धा लहान होती, पण शिस्तीत होती.

घरी आल्यावर थोरला मुलगा गोपाल वडिलांजवळ येऊन बसला. त्याला सांगायचं काय होतं ते त्याच्या बसण्यावरूनच कळत होतं.

"बाबा, ज्ञानेश्वररावांचा गुडघा पुण्याला दाखवलेला बरा. आम्ही तीन वाजता निघतो म्हणतो. गाडीवाल्याला सांगितलंय."

"बरं," भालचंद्रराव म्हणाले.

त्यांना फार वाईट वाटलं. ओरडावंसं वाटलं, थांबा म्हणावंसं वाटलं. पण विनंतीअर्जाचा नमुना त्यांना येत होता, विनंती येत नव्हती. ते आतल्या खोलीत गेले, फाइल काढली आणि 'कार्यक्रम रद्द' असं लिहायला घेतलं. शाई नीट उतरेना.

रेवती चार्जर शोधत आत आली. टेबलावरचं जाड पुस्तक तिने सहज उघडलं आणि तिथेच उभी राहिली.

"आजोबा, हे आजीने सांगितलेलं आहे ना?"

"हो. मी फक्त लेखनिक."

तिने स्वतःचं पान वाचलं. 'कारल्याची भाजी आवडते म्हणते. खरं तर खिडकीतून बोक्याला घालते. बोकाही खात नाही.' ती हसू लागली ती थांबेचना. पुस्तक घेऊन बाहेर गेली आणि बॅगा भरणाऱ्या मंडळींत उभी राहून तिने धवलचं पान मोठ्याने वाचलं. 'अंधाराला भितो. संडासला गेला की मला दाराबाहेर उभं करून पाढे म्हणायला लावतो. सत्तावीसपर्यंत पोचलो.'

धवल पुस्तक हिसकायला धावला. बाकीची नातवंडं त्याच्यामागे धावली. मग प्रत्येकाला आपलं पान हवं झालं. मोठी मुलगी जयमाला लहानपणी तुळशीच्या कुंडीत गोट्या पेरायची, हे तिच्या मुलांना पहिल्यांदा कळलं. वंदनाच्या पानावर होतं, 'पहिल्या दिवशी चहात मीठ घातलं. मी गोड आहे म्हणून प्यायले. पोरगी चांगली आहे, तिला सांगायचं राहून जातं.' वंदनाने ते पुस्तक बराच वेळ खाली ठेवलं नाही.

"पण हे सगळं जुनं झालंय, आजोबा," रेवती म्हणाली. "आता लिहा ना."

भालचंद्ररावांनी ओसरीवर टेबल मांडलं. ओळ लागली. चार वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणाला काय विचारायचं ते ठाऊक होतं, कारण रकाने समोर होते.

"नाव?"

"आजोबा, माहितीये तुम्हाला."

"विचारावं लागतं. वजन? आवड? आवड बदलली असल्यास कारण?"

लोक दुसऱ्याच्या उत्तरावर हरकती घेऊ लागले. गोपालने 'राग येत नाही' असं सांगितल्यावर सोळापैकी अकरा जणांनी तोंडी आक्षेप नोंदवले. ज्ञानेश्वर खुर्चीवर पाय ठेवून गुण मोजल्यासारखे आक्षेप मोजत होते. कडूबा दाराशी उभं राहून ओळ सरळ ठेवत होते. धवलने 'अंधाराला भितो' खोडायला लावलं आणि मग वाकून आजोबांच्या कानात सांगितलं की थोडा थोडा अजून भितो. भालचंद्ररावांनी 'अंशतः' असं लिहिलं.

रेवतीची पाळी आली. "गाणं बंद," ती म्हणाली.

"कारण?"

"आजी ऐकायची. नंतर कोणी 'म्हण' म्हणालं नाही."

भालचंद्ररावांनी ते तसंच लिहून घेतलं. मग चष्मा पुसला आणि "म्हण," म्हणाले. तिने दोन ओळी म्हटल्या. आवाज जरा चिरकला, पण सगळे गप्प बसून ऐकत होते आणि कोणाच्याही हातात फोन नव्हता.

तीनची गाडी साडेपाचला हॉर्न वाजवू लागली. गुडघा सुजला होता, जाणं भाग होतं, हे आता भालचंद्ररावांनाही दिसत होतं. सगळ्यांनी पडताळणीच्या रकान्यात सह्या केल्या. धवल सही करून म्हणाला, "पुढच्या वर्षी मी व्हॉट्सअॅपवर पाठवतो. चालेल ना?"

"नाही," भालचंद्रराव म्हणाले. "नोंदीची पडताळणी दरवर्षी मे महिन्यात, संबंधित व्यक्ती समक्ष हजर असतानाच करावी लागते. पूर्ण दोन दिवस. तसा नियम आहे."

"कुठे लिहिलंय?"

त्यांनी पेन उचललं, पुस्तकाच्या आतल्या बाजूला तो नियम लिहिला आणि खाली सही केली. धवलने वाचून मान हलवली. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत खिडकीतून हात हलत होते. मग घर पुन्हा होतं तसं झालं.

कडूबा खुर्ची ओढून बसले. "साहेब, असा नियम हाये का खरंच?"

"नाही. मी केला. तेहतीस वर्षांत मनाने केलेला हा पहिला."

"लय कामाचा हाये. माह्या पोराले बी लागू करा."

भालचंद्ररावांनी पुस्तकाचं पहिलं पान उघडलं. सुलभा. तिची शेवटची सही उजवीकडे कललेली होती, आणि खाली चार वर्षांचे रकाने कोरे. पेन घेऊन ते बसले. व्यक्ती समक्ष हजर असतानाच. नियम त्यांचाच होता, अजून शाईही वाळली नव्हती, आणि आपल्या माणसासाठी नियम वाकवणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. त्यांना रडू आलं. त्यांनी ते येऊ दिलं. कडूबा तोवर ओसरीवरच्या खडूच्या रेघा बघत राहिले.

शेवटी त्यांनी हेडक्लार्कच्या रकान्यात तारीख घालून आपली सही केली आणि तिच्या सहीची जागा तशीच ठेवली.

"एवढा एक कागद प्रलंबित राहील," ते म्हणाले.

"राहू द्या ना मंग," कडूबा म्हणाले आणि धोतर खोचून उठले. "चला, तुमी अडवा. मी येतो."

भालचंद्ररावांनी पुस्तक मिटलं, चपला काढल्या आणि ते पहिल्या पाटीवर जाऊन उभे राहिले.